शिलकी अंदाजपत्रक वाचताना

फेब्रुवारी उलटला की मथळा येतो, 'नगरपालिकेचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर, करवाढ नाही'. वाचून आपण खूश होतो. मीही व्हायचो. कवी माणूस, आकड्यांशी वाकडं! पण आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रं येईनाशी झाली, तेव्हा मी पालिकेत जाऊन अंदाजपत्रकाचं पुस्तक मागून घेतलं आणि जमेची बाजू वाचली.

जकात होती तोवर गावात मालाची गाडी शिरली की पालिकेच्या हाती रोकड पडे. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. तिच्या बदल्यात येणारं राज्य सरकारचं सहायक अनुदान बहुतेक पगारातच जिरतं. वित्त आयोगाचा पैसा तर बांधलेला. पंधराव्या आयोगानं २०२१ ते २०२६ साठी लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच राखून ठेवला. ते योग्यच. पण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात गटार, दिवे ही आवश्यक कर्तव्यं आणि वाचनालय ऐच्छिक. म्हणजे ते चालवायचं पालिकेच्या स्वतःच्या कमाईतून, मुख्यतः घरपट्टीतून.

आणि घरपट्टीची गंमत अशी की जुनी थकबाकीही 'येणार' म्हणून जमेला धरतात. शिल्लक फुगते ती अशी. म्हणून मंडळी, नव्या योजनांची यादी सावकाश वाचा. आधी मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा बघा, त्याच पुस्तकात तिचा रकाना असतो.

तो रकाना बघताना मला माझ्याच घराची दोन वर्षांची थकलेली पट्टी आठवली. दुसऱ्या दिवशी जाऊन भरली, शास्तीसकट.