मेंदूतील पेठा

कर्वेनगराहून खरेदीस निघालेला मनुष्य कापडासाठी लक्ष्मी रस्त्यावर जातो, भाजीसाठी मंडईत. साऱ्या शहराचा माल एकत्र तोलला, तर त्याचे वजन कळेल. कोणती पेठ ओस पडली आहे, ते कळणार नाही. मेंदूचेही असेच आहे. त्यातील द्रव्ये सर्वत्र सारखी पसरलेली नसतात. आणि कोणते द्रव्य कोठे आहे, या प्रश्नातूनच कंपवाताचे कोडे उकलले.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. हे औषध दिलेले प्राणी निश्चल होत. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली अशा सशांना एल-डोपा टोचले, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले! एल-डोपापासून शरीरात डोपामिन बनते. पुढे असे दिसले की, मेंदूतील बहुतेक डोपामिन स्ट्रायेटम या खोलवरच्या, हालचालींशी निगडित भागातच साठलेले असते.

मग व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच व एहरिंगर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंतील हाच भाग तपासला. निरोगी मेंदूच्या नमुन्यात रसायन घालताच गुलाबी छटा येई. कंपवाताच्या रुग्णांच्या नमुन्यात ती जवळजवळ दिसेना. हे संशोधन १९६० साली प्रसिद्ध झाले. पेठ कोणती, हे आता ठरले होते.

मात्र डोपामिन पोटात घेऊन भागत नाही. रक्तातून मेंदूत त्याला प्रवेश नसतो. एल-डोपाला तो मिळतो. १९६१ साली ते रुग्णांना टोचले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे काही काळ उठून चालू लागली. आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असते. परंतु औषधाचे प्रमाण वैद्यानेच ठरवावे.

हा उपाय तूट भरून काढतो. डोपामिन बनविणाऱ्या पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. तरीही घरातील वडीलधाऱ्या माणसाचे पाऊल अडखळू लागले, चेहरा निर्विकार झाला, तर तो म्हातारपणाचा आळस समजून त्यांना बोल लावू नये. मेंदूतील एखादी पेठ रिकामी झाली असेल. तिची चौकशी वेळीच करावी.