शिक्र्याची शिकार आणि आरंभीचा वेग

पाळलेल्या पक्ष्याकडून दुसऱ्या पक्ष्याची शिकार करून घेण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग मोडत असे. त्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ सांगितला आहे. श्येन म्हणजे ससाणा किंवा बाज. राजेरजवाड्यांच्या पदरी बाज आणि बहिरी ससाणे असत. साध्या शिकाऱ्याजवळ मात्र बहुधा शिक्रा असे. हा कबुतराएवढा, राखी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघा असलेला पक्षी पकडायला आणि शिकवायला सोपा.

अशा शिकारीचा दिवस सकाळी लवकर सुरू होई. शिक्रा शिकाऱ्याच्या मुठीवर बसलेला, पायांत चामड्याचे बारीक पट्टे आणि घुंगरू. झुडपात शिरलेला पक्षी शोधायला घुंगरांचा आवाज उपयोगी पडे. कुत्रा धन्याच्या मायेने काम करतो, शिक्रा तसे करत नाही. मुठीवर परतले की मांसाचा तुकडा मिळतो, एवढेच तो शिकतो. म्हणून शिकारी रोज त्याच्या छातीचे हाड बोटांनी चाचपून तो किती भरला आहे ते पाही. आजकाल ज्या देशांत ही कला चालते, तेथे पक्षी तराजूत तोलतात. पोट भरलेला शिक्रा शिकारीमागे जात नाही. शिवाय स्नायूंचे बल तेवढेच राहून वस्तुमान वाढले, तर त्वरण कमी होते, हा न्यूटनचा दुसरा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. उलट, फार उपाशी ठेवला तर पक्ष्याच्या अंगात बळच उरत नाही.

शिक्रा फेकायचा कशासाठी?

आता खरी गंमत पाहा. गवतातून चालताना पायाजवळून लावा पक्षी भुर्रकन उडाला, की आपला शिकारी शिक्र्याला नुसता सोडत नसे. छातीखाली तळहात देऊन तो त्याला हातात आडवा धरी आणि भाल्यासारखा फेकी. फेकताना पक्षी सरळ राहावा म्हणून त्याच्या गळ्याभोवती मऊ दोरीचा फास सैलसर घालून तिचे टोक तळहातात ठेवीत. हा खटाटोप कशासाठी? हिशेब करून पाहू. आकडे सोपे जावेत असे घेतले आहेत.

समजा, लावा सेकंदाला ८ मीटर या एकसारख्या वेगाने पळत आहे. शिक्र्याचा कमाल वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि त्याचे त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. दोघे एकाच जागेवरून एकाच क्षणी निघाले.

शिक्रा नुसता सोडला, तर कमाल वेग गाठायला त्याला २ सेकंद लागतील. तेवढ्यात तो १० मीटर जाईल आणि लावा १६ मीटर. हे ६ मीटरचे अंतर सेकंदाला २ मीटर या दराने भरून काढायला आणखी ३ सेकंद हवेत. म्हणजे एकूण ५ सेकंद आणि ४० मीटर. तोवर लावा एखाद्या झुडपात शिरलेला असेल.

शिकाऱ्याने त्यालाच सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकले, तर कमाल वेग १ सेकंदातच येईल. तेवढ्यात तो साडेसात मीटर जाईल आणि लावा ८ मीटर. राहिलेले अर्धा मीटर अंतर पाव सेकंदात संपेल. एकूण सव्वा सेकंद आणि फक्त १० मीटर!

ऊर्जेच्या भाषेत पाहिले तर १५० ग्रॅमच्या शिक्र्याची सेकंदाला १० मीटर वेगाच्या वेळची गतिज ऊर्जा ७.५ ज्यूल असते. हाताने दिलेली त्यातली जेमतेम २ ज्यूल, म्हणजे पाव हिस्सा. पण या पाव हिश्श्याने पाठलागाचे अंतर एकचतुर्थांशावर आणले. कारण ही ऊर्जा अगदी आरंभी, जेव्हा तिची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा मिळाली.

रानात हा हात कोणाचा?

रानातल्या शिक्र्याला फेकणारा कोणी नसतो. मग तो काय करतो? तो पानांच्या आडोशाला फांदीवर गुपचूप बसतो आणि तेथून खाली झेप घेतो. गुरुत्वत्वरण १० धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर सव्वा मीटर खाली येताना सेकंदाला ५ मीटर वेग मिळतो. म्हणजे शिकाऱ्याच्या हाताने दिला तेवढाच! ५ मीटर उंचीची फांदी तर सेकंदाला १० मीटर वेग देते. शिक्र्याला लागणारी सगळीच्या सगळी ७.५ ज्यूल ऊर्जा त्या फांदीच्या उंचीत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठवलेली असते. बहिरी ससाणा हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर करतो. ३०० मीटर उंचीवरून पंख मिटून सूर मारला, तर हवेचा विरोध नसता ताशी सुमारे २८० किलोमीटर वेग आला असता. त्याहून उंचावरून सूर मारून या पक्ष्याने प्रत्यक्षात ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे वेग गाठलेला आहे.

म्हणजे झाड तोडले, की शिक्र्याचे नुसते घर जात नाही, त्याचा आरंभीचा वेगही जातो. आणि गवत संपले, की त्यातले टोळ, सरडे, उंदीर संपतात. मग वेग असून उपयोग काय?

या दृष्टीने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहण्यासारखे आहे. हा कमी पावसाचा मुलूख. येथल्या टेकड्या एके काळी उघड्याबोडक्या झाल्या होत्या. १९८९ नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केले, उतारावर समतल चर खणले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. गुरे टेकडीवर मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचे. हे सारे पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी केले. पण शिकारी पक्ष्याला जे हवे, म्हणजे उंच फांदी आणि खाली दाट गवत, ते त्याच नियमांतून उभे राहते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. शिक्रा पकडणे, पाळणे किंवा त्याला फेकून शिकार करणे आज गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याची शिकार पाहायला कोणतीच बंदी नाही. सकाळी शाळेच्या आवारात किंवा गावाच्या कडेला चिमण्या-खारींचा एकदम गलका झाला, की वर पाहा. शिक्रा ज्या फांदीवरून निघाला तिची उंची अंदाजाने वहीत लिहा आणि वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची हे सूत्र वापरून त्याचा वेग काढा. अशा दहा नोंदी झाल्या, की तुमच्या गावातले कोणते झाड शिक्र्याला सर्वांत मोलाचे आहे, हे तुम्हांला आकड्यांनिशी सांगता येईल.