डायहायड्रोजन मोनॉक्साइड धोकादायक आहे का? रसायनांची लांबलचक नावं अशी वाचा

'डायहायड्रोजन मोनॉक्साइडवर बंदी घाला' अशा पोस्ट इंटरनेटवर बरीच वर्षं फिरताहेत. 2004 मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या अलीसो व्हिएहो शहरात नगर परिषदेच्या विषयपत्रिकेपर्यंत हे प्रकरण पोहोचलं होतं. डाय म्हणजे दोन, मोनो म्हणजे एक. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. म्हणजे पाणी!

अशी नावं वाचताना जीभ अडखळते, कारण आपण श्वास संपेल तिथे थांबतो. थांबायचं असतं अर्थाचा तुकडा संपेल तिथे. शाळेतला संधिविग्रह आठवा. 'विद्यालय' आपण विद्या आणि आलय असं तोडतो, तसंच मोनॉक्साइड म्हणजे मोनो आणि ऑक्साइड.

आता जरा मोठं नाव घेऊ : पॅराअ‍ॅसिटिलअमिनोफिनॉल. पॅरा–अ‍ॅसिटिल–अमिनो–फिनॉल. तुकडे आधी सुटे म्हणा, मग जोडा. तापावरची ही गोळी घरोघरी असते. याच नावातली अक्षरं उचलून 'पॅरासिटामॉल' हे नाव तयार झालं. अमेरिकेत मात्र याच औषधाला 'अ‍ॅसिटामिनोफेन' म्हणतात. तेही त्याच नावातून आलंय, फक्त अक्षरं वेगळी उचलली.

तुकडे फार नाहीत, तेच ते पुन्हा येतात. मिथ म्हणजे एक कार्बन, इथ दोन, प्रॉप तीन, ब्यूट चार. शेवटी 'ऑल' असेल तर बहुतेक वेळा ते अल्कोहोलच्या कुटुंबातलं.

इथे एकेक अक्षर महत्त्वाचं असतं. दारूत असतं ते इथेनॉल. मिथेनॉलमध्ये एक कार्बन कमी, उच्चारात फक्त एका 'म'चा फरक. पण मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड तयार होतं. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त बळी घेतले. प्यायलेल्यांना अर्थात कुठलं लेबल वाचायला मिळालं नव्हतं. पण अशा बातमीत 'इथेनॉलमुळे मृत्यू' असं लिहिलं, तर अर्थच बदलतो.

नावाआधीच्या आकड्यांना घाबरू नका. कुठला अणू कुठे जोडलाय, एवढंच ते सांगतात. '1,4-डायक्लोरोबेंझीन' हे 'वन फोर', मग डाय–क्लोरो–बेंझीन असं वाचायचं. बेंझीनच्या कड्यात 1 आणि 4 या जागा समोरासमोर येतात, त्यालाच 'पॅरा' म्हणतात. म्हणून याचं दुसरं नाव पॅराडायक्लोरोबेंझीन. कपाटातल्या डांबर गोळ्यांच्या पाकिटावर शोधा, कदाचित सापडेल.