नोंदणी क्रमांकापर्यंतची वाट

वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे. महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांना नवा पाय बसवून भागत नव्हते. त्यावर तोल सावरून चालायलाही शिकवावे लागे. पुण्याला या कामाची ओळख इतकी जुनी. पण ते कोणी करावे आणि स्वतःला काय म्हणवावे, हे राज्यात कायद्याने ठरायला पुढची साठेक वर्षे गेली.

शिक्षणाची सोय त्या मानाने लवकर झाली. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यावर १९५३ साली केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे विद्यालय उघडले. पुढे पुण्यातही महाविद्यालये निघाली, साडेचार वर्षांची पदवी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे आली. डॉक्टरांना, परिचारिकांना परिषद होती. फिजिओथेरपिस्टना मात्र नव्हती. रीतसर पदवीधर आणि मालिशचा वर्ग केलेला माणूस, दोघांनाही एकच पाटी लावता येत होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने पारख करायची कशी? अजाण हाताने सांध्यावर भलता जोर दिला, तर भोगायचे त्यानेच.

महाराष्ट्राने ही उणीव केंद्राच्या कितीतरी आधी ओळखली, हे श्रेय दिलेच पाहिजे. व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजेच फिजिओथेरपी) परिषदेच्या कायद्याच्या नावात २००२ आहे, तो अधिनियम झाला २००४ साली. त्याने राज्यात नोंदणीची चौकट आली. दिल्लीत याच विषयावरचे २००७ चे विधेयक बारगळले आणि अशा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा थेट २०२१ मध्ये मंजूर झाला.

मग गाजला तो नावाआधीच्या ‘डॉ.’चा वाद. एप्रिल २०२५ मधल्या फिजिओथेरपीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पीटी’ लावण्याची मुभा दिली. ९ सप्टेंबरला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढून त्याला हरकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, दोन्ही बाजूंचा मान मला समजतो. ‘पीटी’ स्पष्ट लिहिले असेल तर रुग्णाची दिशाभूल होते असे मला वाटत नाही. दिशाभूल होते ती नोंदवहीत नाव नसताना ‘फिजिओथेरपिस्ट’ म्हणवून घेणाऱ्याकडून, आणि त्याबद्दल एवढा गदारोळ कधी झाला नाही.

कोथरूड, सहकारनगरच्या सोसायट्यांत मुले परदेशी असलेल्या ज्येष्ठांकडे व्यायाम करून घ्यायला कोणी ना कोणी येतो. त्याचा फोन नंबर शेजाऱ्यांकडून मिळतो; नोंदणी क्रमांक कोणी विचारत नाही. तो पाटीवर आणि पावतीवर ठळक छापलेला असावा. रुग्णाला घरी सोडताना रुग्णालयानेही सांगावे, की आधी तो क्रमांक बघा आणि मगच पाय त्याच्या हाती द्या.