पडद्यावरचे बारा व्होल्ट

अमेरिकेत सुट्ट्या लागल्या की पिकअपच्या मागे चाकांवरचं घर जोडून कुटुंबंच्या कुटुंबं हमरस्त्याला लागतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे १,३६० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. बरेचदा ते विजेवर चालतात, आणि त्यांना वीज किती द्यायची हे ठरवतो चालकासमोरचा ब्रेक कंट्रोलर. तक्रारही ठरलेली: ट्रेलर जोडल्याची खूण पडद्यावर आहे, जोरात ब्रेक दाबला की आकडा बारा व्होल्टपर्यंत चढतो, पण मागचं धूड थांबायचं नाव घेत नाही, उलट पिकअपलाच पुढे रेटतं. मग पहिला बळी जातो कंट्रोलरचा. नवा येतो, तोही तेच आकडे दाखवतो, आणि ट्रेलर रेटायचा तसाच रेटतो.

कंट्रोलरने किती पाठवलं तेवढंच तो आकडा सांगतो. चाकापाशी किती पोचलं याची त्याला गंधवार्ता नसते. रंगीत पडदे आणि डझनभर सूचना असलेले महागडे कंट्रोलरही याबाबतीत फारसे शहाणे नाहीत.

चाकातली रचना मात्र फार हुशार आहे. ड्रमच्या आत एका दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, त्याच्यासोबत दांडा वळतो आणि ब्रेक शू फाकून ड्रमवर दाबले जातात. चाक अडवण्याची ताकद अशी चाकाकडूनच घेतली जाते! विजेचं काम फक्त चिकटण्यापुरतं. त्यासाठी दहा किंवा बारा इंची ड्रममधल्या चुंबकाला बारा व्होल्टवर साधारण तीन अँपिअर लागतात.

आता शाळेतला ओहमचा नियम. दोन ॲक्सल, चार चाकं, प्रत्येक चुंबकाचा रोध चार ओहम. चारही समांतर जोडलेले, म्हणून एकत्रित रोध एक ओहम आणि प्रवाह १२ अँपिअर. वाटेत पांढऱ्या तारेचा, म्हणजे अर्थचा, एक जोड गंजला आणि त्याने अर्ध्या ओहमची भर घातली, तर प्रवाह उरतो आठ अँपिअर. प्रत्येक चुंबकाच्या वाट्याला तीनऐवजी दोन. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे एक तृतीयांश प्रवाह गेला की ओढ निम्म्याच्याही खाली येते. शिवाय त्या गंजक्या जोडात ३२ वॅट उष्णता निघते ती वेगळीच.

गंमत पुढे आहे. चुंबक सोडवून मोकळ्या तारांना मल्टिमीटर लावला, तर तो निर्विकारपणे बारा व्होल्ट दाखवतो. गच्चीवरची टाकी भरलेली आणि खालचा पाइप गंजाने बुजलेला असला, तरी तोटी बंद असताना पाण्याचा दाब पुरेपूर भरतो. तोटी उघडल्यावर करंगळीएवढी धार पडते, तसंच हे. म्हणून व्होल्ट मोजायचे ते चुंबक जोडलेले ठेवून. त्याहून बरं म्हणजे कंट्रोलरमधून निघणाऱ्या निळ्या तारेत अँपिअरमापक घालून प्रवाहच मोजावा. बाराऐवजी नऊ आले तर एक चुंबक मेला. बाराच्या बरेच वर गेले तर कुठेतरी शॉर्ट.

मापक नसेल तर होकायंत्र चालतं. ते चाकाशेजारी धरायचं आणि दुसऱ्याने कंट्रोलरची हातकळ दाबायची. चुंबक जिवंत असेल तर सुई उडते. १८२० साली कोपनहेगनमध्ये अर्स्टेडने तारेजवळ सुई हलताना पाहिली, तोच हा प्रयोग.

अर्स्टेडचं नाव पाठ्यपुस्तकात असतं. विल्यम स्टर्जनचं क्वचितच. जोडे शिवायच्या धंद्यात उमेदवारी केलेला, पुढे तोफखान्यात शिपाई असलेला हा इंग्रज. १८२५ मध्ये लंडनला त्याने नालाच्या आकाराचा, जेमतेम २०० ग्रॅमचा लोखंडी तुकडा मांडला. त्याला वार्निश फासून वर उघड्या तांब्याच्या तारेचे वेढे दिलेले. वीज सोडली की तो चार किलो वजन उचले, तोडली की सोडून देई. ट्रेलरच्या ब्रेकला नेमकं हेच हवं असतं. पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळून थरावर थर वेढे दिले आणि १८३१ पर्यंत वजन २,००० पौंडांपलीकडे नेलं. हेन्री, अर्स्टेड, ओहम, अँपिअर, सगळ्यांच्या नावाची एककं झाली. स्टर्जनच्या वाट्याला एकही आलं नाही, आणि हे काही बरोबर झालं नाही.

दोष ट्रेलरमध्ये की पिकअपमध्ये, याचा निवाडा आणखी एका युक्तीने होतो. ट्रेलर निसटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून त्याच्यावर स्वतंत्र बॅटरी आणि ओढून काढायची पिन असते. सात पिनांचा प्लग सोडवून ही पिन काढली की कंट्रोलरला वगळून वीज थेट चुंबकांकडे जाते. तेव्हा चाकं घट्ट धरली, तर शोध प्लग आणि त्याच्या पुढच्या बाजूला, पिकअपकडे घ्यायचा.

सर्वांत छळवादी बिघाड ॲक्सलच्या पोकळ नळीत लपतो. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी तार तिथे हादऱ्यांनी घासत राहते, आवरण झिजतं आणि खड्डा आला की तांबं लोखंडाला टेकतं. कंट्रोलर क्षणभर ओव्हरलोड दाखवतो. गाडी थांबवून पाहावं तर सगळी मापं बरोबर. म्हणून जाणते मेकॅनिक माप घेताना एकाला ती तार हलवत बसवतात, आणि दुरुस्तीत नवी तार नळीतून न नेता ॲक्सलच्या बाहेरून बांधून नेतात.