दुसरी रेघ

लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. साखर, थायरॉइड, डेंग्यू हे रोजचंच. पण वाळूजच्या एखाद्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचं असलं की पोरं मेडिकलला येतात आणि बाटली हातात घेऊन हळूच विचारतात, "ताई, लिंबूपाण्यानं निघून जातं ना?"

नाही जात. दारू दिवसभरात उतरते, गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, चरबीत मुरून बसतं. ओढल्यावर काही मिनिटांत ते मेंदूत पोचतं. तोल आणि वेळेचा अंदाज चुकतो, आत्ताचं बोललेलं आठवत नाही, छाती धडधडते, डोळे लाल होतात, भूक खवळते. दोन-तीन तासांत हे ओसरतं. भांग पोटातून जाते म्हणून उशिरा चढते, आणि "काहीच होईना" म्हणत दुसरा पेला रिचवणारे तिथंच फसतात. पुढे यकृत टीएचसी मोडत राहतं आणि ज्यानं नशा होत नाही असा त्याचा अवशेष लघवीत उतरतो. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत तो साधारण 3 दिवस सापडतो, रोजच्या गड्याच्या महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. केसांत तर 3 महिन्यांचा माग लागतो.

खरा घोळ लघवी तपासायची पट्टी वाचताना होतो. प्रेग्नन्सी किटमुळे दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथं उलटं आहे. अवशेष मिलिलिटरमागे 50 नॅनोग्रॅमच्या वर असला की दुसरी रेघ उमटतच नाही. पुसट उमटली तरी निगेटिव्हच. तांब्याभर पाणी ढोसून आलेल्याचा नमुना बिनरंगी निघतो, लघवी पातळ झाल्याचं सांगणारं क्रिएटिनिन तळाला गेलेलं असतं. त्याला मी बसवून ठेवते आणि नमुना परत घेते.

1985 च्या अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही. पट्टीला कायदा कुठला कळतो? होळीची भांगही तिला गांजासारखीच.

टीएचसी शरीरात गेलं होतं, एवढंच पट्टी सांगते. स्टिअरिंगवर बसताना माणूस नशेत होता का, हे तिच्यावरून ठरत नाही. आणि पट्टीपायी नोकरी जात असेल तर त्याच नमुन्याची जीसी-एमएस ही निकाल पक्का करणारी तपासणी लेखी मागा.