कीबोर्ड बदलला म्हणजे भाषा बदलली का?

प्रकरणं इंग्रजीत, परिशिष्टात मराठी मुलाखती, मधेमधे रोमन लिपीत लिहिलेले मराठी शब्द. महाराष्ट्रात समाजशास्त्र किंवा भाषाविज्ञानात संशोधन करणाऱ्या कितीतरी जणांची फाइल अशी असते. आणि मग पानभर लाल रेघा! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला त्यावर एकच उपाय सुचला, स्पेलिंग तपासणी बंद करून टाकायची. पण खरी गडबड लाल रेघ दाखवेल अशी नव्हतीच. ते पुढे सांगते.

आधी एक फरक. कीबोर्डची भाषा आणि तपासणीची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती कळ दाबल्यावर कोणतं अक्षर उमटेल, एवढंच कीबोर्ड ठरवतो. विंडोजमध्ये तो विंडोजची कळ आणि स्पेस बार दाबून बदलता येतो. तपासणीची भाषा मात्र मजकुराला चिकटलेली असते, प्रत्येक तुकड्यामागे चिठ्ठी लावल्यासारखी. वर्डमध्ये नव्याने टाइप केलेल्या मजकुराला सहसा त्या वेळच्या कीबोर्डची चिठ्ठी लागते. पेस्ट केलेला मजकूर बऱ्याचदा आपली जुनी चिठ्ठी घेऊनच येतो.

म्हणून तर असं होतं: गाइड म्हणतात ब्रिटिश स्पेलिंग हवं, आपण अख्खी फाइल सिलेक्ट करून भाषा बदलतो, आणि दोन दिवसांनी नवा परिच्छेद परत अमेरिकन. कारण कीबोर्ड अमेरिकनच राहिलेला असतो. तेव्हा दोन्ही बदला, कीबोर्डही आणि रिव्ह्यू टॅबमधली प्रूफिंगची भाषाही. रोमन लिपीतल्या मराठी शब्दांना तेवढी 'तपासू नका' ही खूण लावा, सगळ्या फाइलला नको. (ऑटोकरेक्टवर लक्ष असू द्या. मुलाखत देणाऱ्याचा शब्द ते गुपचूप 'सुधारून' ठेवू शकतं.)

मराठीची तपासणी सुरू केली तरी काही बरोबर शब्दांखाली रेघ येते, त्याने खचू नका. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स वगैरे जे हनस्पेल वापरतात, त्यात दोन फाइली असतात: एक शब्दांची यादी आणि एक प्रत्ययांचे नियम. आता 'घरातल्यांनासुद्धा' हा शब्द बघा. घर, त्याचं सामान्यरूप, आणि पुढे डब्यांसारखे जोडलेले प्रत्यय. नियमांत ही साखळी बसली नाही तर रेघ येणारच.

आता माझी गोष्ट. काही मुलाखती मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने टाइप केल्या होत्या, काही त्याआधी दुसऱ्या एका टायपिंग साधनाने. सगळ्या एकत्र करून शब्दांची वारंवारिता काढली, तर यादीत 'दुसऱ्या' दोनदा! दोन ओळी, दोन वेगळे आकडे, दिसायला तंतोतंत सारख्या. वाटलं प्रोग्रामच चुकला. चुकलं होतं टायपिंग.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो. युनिकोडमध्ये त्याचा स्वतंत्र क्रमांक आहे, ०९३१. दुसरं साधन तेच रूप साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा तीन तुकड्यांनी बनवत होतं. डोळ्याला एकच, संगणकाला दोन शब्द. 'ॲ'चंही तसंच. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी अ वर चंद्र ठेवूनच काम भागवलं जायचं आणि काही साधनं अजूनही तेच करतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या जोड्या एक करत नाही, म्हणजे एका बटणाने सुटेल असा हा प्रश्न नाही.

माझ्या एका तक्त्यातली क्रमवारी यामुळे चुकली होती. तो तक्ता सेमिनारमध्ये दाखवूनही झाला होता, आणि पुढच्या बैठकीत उभं राहून दुरुस्ती सांगावी लागली.

आता माझं ठरलेलं आहे. मुलाखतींचं टायपिंग एकाच कीबोर्डवर, आणि कीबोर्डचं नाव संशोधनाच्या वहीत. मोजणीआधी फाइलची प्रत काढून जोडचिन्हवाला र बदलून ऱ आणि हलन्त करते, तुटका ॲ अखंड करते, मूळ फाइलला हात लावत नाही. जुन्या मुलाखती जमवणार असाल तर त्या कशावर टाइप केल्या होत्या, हे टायपिंग करणाऱ्याला आजच फोन करून विचारा. वर्षभराने त्यांनाही आठवत नाही.